गाठीवर बोट

"बोट ठेवा."

आमच्या सगुणाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माझ्याशी शेवटचं बोलणं हे. मी सुतळीच्या गाठीवर बोट ठेवलं, तिनं वरून दुसरी गाठ आवळली, मग म्हणाली, "काढा." मी काढलं. झालं. चार दिवस आमचा अबोला चालू होता, त्यात तेवढे तीन शब्द झाले, आणि तेही सुतळीसाठी.

ज्यानं कधी पेटीला सुतळी बांधली नसेल त्याला सांगतो. पहिली गाठ मारली की हात सुटताच ती ढिली पडते. दुसरी मारेपर्यंत कोणीतरी पहिलीवर बोट दाबून धरावं लागतं. बोट लवकर काढलं तर गाठ ढिली, उशिरा काढलं तर बोटच गाठीत. तीस वर्षं हे बोट माझं होतं. घर बदललं, लोणच्याची बरणी बांधली, शांताला सासरी पाठवताना तिची ट्रंक बांधली, दर वेळी हाक यायची. झोपलेला असलो तरी उठवायची. एवढ्या मोठ्या माणसाची तिला एका बोटापुरतीच गरज आहे, असं मी चिडून म्हणायचो. ती म्हणायची, "बाकीचं घेऊन जा जी कुठं जायचं तिथं. बोट ठेवून जा."

लिहायची मला सवय नाही. मराठी चौथी शिकलो, पुढं फॅक्टरीत पेट्यांवर नंबर घालण्यापुरतं लिहिलं. पण सगुणाचं लोकांना सांगून सांगून झालं. आता इथं जबलपुरात, गढ्याच्या बाजारात मी दिसलो की ओळखीची माणसं भाजीवाल्याशी उगाच बोलत उभी राहतात, माझ्याकडे पाठ करून. त्यांचा दोष नाही. एकच माणूस एकच गोष्ट किती वेळा सांगणार. म्हणून कागदाला सांगतो.

मी जबलपूरच्या फॅक्टरीत पेट्यांच्या खात्यात होतो. मोठ्या लढाईच्या वेळी लागलो. तोफेचे गोळे बनवणारे कारागीर वेगळे, त्यांचा मान वेगळा. आम्ही ते गोळे ज्यात जायचे त्या लाकडी पेट्या ठोकायचो आणि भरायचो. दोन वर्षांनी लग्न झालं, ही सावनेरकडून आली. सोळा-सतरा वर्षांची, अंगानं काडी आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात पोळी वाढता वाढता विचारलं, "तुमी दिवसभर करता काय जी तिथं?"

मी छाती फुगवून सांगितलं. आमच्या खात्याचा एक कायदा होता. गोळा एका पेटीत, आणि त्याच्या तोंडावर बसवायची टोपी, जिच्यानं तो फुटतो, ती दुसऱ्या पेटीत. दोन्ही कधी एका पेटीत घालायची नाहीत. वेगळी ठेवली तर दोघंही गरीब. एकत्र ठेवली आणि रस्त्यात धक्का बसला, तर पेटी नाही, गाडी नाही, आणि पेटी ठोकणाराही नाही.

ती ऐकत राहिली. हातातली पोळी गार झाली. मग म्हणाली, "अच्छा. मंग घरातही असंच पायजे."

मला वाटलं पोरगी गंमत करून राहिली. सगुणा गंमत करत नसे. हे कळायला मला एक घर बदलावं लागलं.

आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हा पहिल्यांदा सामान बांधलं. फॅक्टरीतल्या रद्दी पेट्या होत्या, बाजूला दोरीच्या कड्या असलेल्या. त्या वेळी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत प्रत्येकाच्या घरी असायच्या. कोणी त्यात धान्य ठेवी, कोणी त्यावर झोपे. सगुणानं काड्यापेटी एका पेटीत घातली, रॉकेलचा डबा दुसरीत. मी म्हटलं वा, शिकली. मग पाहतो तर माझ्या आईचं लाटणं एका पेटीत आणि हिच्या माहेरचा पोळपाट दुसऱ्या पेटीत.

"हे काहून?"

"तुमची आई माह्या पोळपाटाले काय म्हणाली होती?"

आई म्हणाली होती की पोळपाट डुगडुगतो, ज्या घरून आला ते घरही तसंच असेल.

"मंग? एका पेटीत ठेवले अन् रस्त्यात पेटले तर?"

पोळपाट पहिल्या खेपेत गेला. लाटणं मागं राहिलं, आणि गाडीवाल्याचा बैल लंगडला. तीन दिवस आम्ही खिचडी खाल्ली. चौथ्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "पाहा. वेगळे होते तरी एवढं भांडण झालं. एकत्र असते तर?"

मी खिचडीचं ताट पुढं ओढलं.

तेव्हापासून आमच्या घरात हा शब्दच झाला. जी दोन माणसं किंवा वस्तू एकमेकांना चालत नाहीत, ती "गोळा-टोपी". तिचे वडील आणि माझे काका गोळा-टोपी. आमच्या लग्नाच्या पंगतीत काका कढीला पाणी म्हणाले आणि तिचे वडील ताटावरून उठले, तेवढंच कारण. दोघांचे फोटो कधी एका पेटीतून गेले नाहीत आणि एका खोलीत टांगले गेले नाहीत. पुढं दोघंही वारले. मी म्हटलं, आता तरी. ती म्हणाली, "मेले म्हणून काय झालं? वर बी वेगळ्या पंगतीत बसले असतील." माझी तंबाखूची डबी आणि तिची जपमाळ गोळा-टोपी. हे मात्र मला मान्य होतं.

आणि सगळ्यात मोठी गोळा-टोपी म्हणजे आम्ही. तिच्या वस्तूंची पेटी वेगळी, माझ्या वस्तूंची वेगळी. माझा सदरा चुकून तिच्या पेटीत गेला तर बाहेर निघायचा. तिला स्वतःच्या नावापलीकडे लिहिता यायचं नाही, म्हणून पेट्यांवर खडूनं खुणा करी. तिच्या पेटीवर वाटोळा गोळा, माझ्या पेटीवर टोपी.

मी विचारलं, "टोपी मी कशी? तूच लहान आहेस."

"फुटते मी," ती म्हणाली. "पण पेटवता तुमी."

पेट्यांवरच्या बाकीच्या खुणा तिनं माझ्याकडूनच उचलल्या. बाण म्हणजे ही बाजू वर. छत्री म्हणजे ओल लागू देऊ नका. काचेचा पेला म्हणजे आत नाजूक माल आहे, जपून हाताळा. फॅक्टरीत या खुणा पेट्यांवरच असत. आमच्याकडे त्या घरभर झाल्या. पापडाच्या डब्यावर छत्री. देवाच्या पाटावर बाण. आणि ज्या दिवशी तिचं डोकं फिरलेलं असेल त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर पेला. मी कामावरून आलो की आधी दार पाहायचो. पेला दिसला की चप्पल न वाजवता आत, हात-पाय धुऊन गप बसायचं. लाइनीतले लोक हसायचे. पण खरं सांगतो, बाकीच्यांना बायकोचा राग घरात गेल्यावर कळायचा. मला दारातच कळायचा.

हळूहळू लाइनीत कोणाचं सामान हलायचं असलं की सगुणाला बोलावणं येऊ लागलं. तिच्या हातची पेटी कधी फुटली नाही. फक्त बांधायला बसण्याआधी ती एकच प्रश्न विचारी, "घरात कौन किससे लड़ता है?"

शेजारच्या मिश्रा भाभी हसून म्हणाल्या, "अम्मा, हमारे यहाँ तो कोई नहीं लड़ता."

सगुणा पदर खोचून उठली. "तो मुझे काहे को बुलाया? खुद बाँध लो."

भाभींनी तिला हात धरून बसवलं. संध्याकाळपर्यंत सात भांडणं निघाली, त्यातलं एक गाईवरून होतं. सगुणानं सातही वेगळी बांधली आणि कोणाजवळ बोलली नाही. मलासुद्धा नाही. गाईचं तेवढं सांगितलं, कारण त्यात गाईची चूक नव्हती असं तिचं म्हणणं होतं.

एकदा साहेबांची बदली झाली. साहेबिणीनं हिला बोलावलं. हिनं तिलाही तेच विचारलं. साहेबीण आधी लाल झाली, मग दार लावून घेतलं, मग दोन तास दोघी आत. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला उभं केलं. "तुम्हारी घरवाली ने मेरे साले की फोटो पर छाता काहे बनाया है?"

मी घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, "भाऊ वारला तिचा. फोटो पाहिला की रडते. ओल लागून खराब होईल ना जी फोटो."

साहेबांना मी सांगितलं, गलती से बन गया साहब.

दुसरी तिची अट म्हणजे सुतळी कापायची नाही. सोडायची. कितीही घट्ट असो, बसून नखानं सोडायची, गुंडाळायची, डब्यात ठेवायची. कापलेली सुतळी दिसली की अंगावर येई. मला म्हणायची, "तुमी ठोकता त्या पेट्या तिकडं कोण उघडतं जी?"

"शिपाई कोणी. लढाईवरचा."

"घाईत असल तो."

"असलच."

"त्याच्याजवळ कोणी बसत असल का गाठ सोडाले?"

अशा प्रश्नांवर मी तंबाखू मळायचो. आता वाटतं काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

चीनच्या लढाईत फॅक्टरी वाढली. नवे शेड उठायला लागले आणि आमची लाइनच पाडायचं ठरलं. आठ दिवसांत क्वार्टर सोडा, पलीकडच्या लाइनीत जा. आणि आमची ड्युटी बारा बारा तासांची. मी घरी फक्त निजायला यायचो. त्या आठवड्यात सामान तिनं एकटीनं बांधलं. बोटाची वेळ आली की शेजारणींची बोटं मागून आणायची, आणि मला सांगायची, "भाभीचं बोट नाजूक आहे जी, दाबत नाही."

एक दिवस ड्युटी सुटली आणि मी सवयीनं जुन्याच क्वार्टरला गेलो. आज हलणार हे तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. दार लोटलं. आत काही नाही. भिंतीवर फोटोंच्या जागा तेवढ्या पांढऱ्या, आणि चुलीच्या जागी काळं. हाक मारली तर माझाच आवाज परत आला. पन्नाशीला टेकलेला बाप्या मी, पोरासारखा खाली बसलो. तेव्हा भिंतीवर खडूचा बाण दिसला. बाहेर आलो, कडुलिंबावर बाण. पाण्याच्या टाकीवर बाण. बाण बघत बघत नव्या क्वार्टरपर्यंत गेलो. दारावर पेला.

"हा काहून?"

"एकटीनं सामान उचललं," ती आतून म्हणाली. "आज बोलू नका."

मी चप्पल न वाजवता आत गेलो. पण त्या दिवशी मी आतल्या आत किती बोललो ते मलाच माहीत. तिला नाही सांगितलं. आमच्या पिढीला ते जमत नसे, आणि मला तर मुळीच नाही.

मग बंगालची, एकाहत्तरची लढाई लागली त्या हिवाळ्यात माझं नोकरीचं वय भरलं. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, विमानांच्या भीतीनं घरोघर खिडक्यांना काळे कागद, आणि मला हार घालून घरी पाठवलं. क्वार्टर सोडायचं होतं. शांता नागपूरला असते. सगुणाचं म्हणणं, नागपूरला जाऊ, मुलीजवळ एखादी खोली पाहू. तिला तिच्या बोलीचं माणूस हवं होतं. "तीस वर्ष हिंदीत भाजी घेतली," म्हणायची, "आता मराठीत घेऊ द्या." मला जावयाच्या गावात राहायचं नव्हतं. मी तिला न विचारता गढ्यात दोन खोल्या पक्क्या करून आलो आणि किल्ली तिच्यापुढं आपटली.

तिनं किल्लीला हात लावला नाही. ओट्यावर जिथं पडली तिथंच चार दिवस राहिली. ती तिच्या बाजूनं भाजी चिरायची. स्वयंपाकघराच्या दारावर पेला काढला, एवढा मोठा कधी काढला नव्हता. मी मनात म्हटलं, काढ. मी बी बोलत नाही.

अबोल्यात तिनं सगळं सामान बांधलं. माझं बोट लागलं की नुसती सुतळी ओढून खोकायची. मी जाऊन बोट ठेवायचो. पाचव्या दिवशी दुपारी शेवटची पेटी राहिली. तिथं मात्र खोकली नाही. म्हणाली, "बोट ठेवा." मी ठेवलं. तिनं गाठ मारली. "काढा." मी काढलं. ओट्याकडं माझं लक्ष नव्हतं, नाहीतर किल्ली जागेवर नाही हे तेव्हाच दिसलं असतं. तिनं पेटी भिंतीला सरकवली. मी मुद्दाम विचारलं नाही, यात काय आहे. अबोल्यात कोण आधी बोललं हे मोजणारा माणूस मी. ती बोलली होती, म्हणजे मी जिंकलो होतो. तेवढ्यावरच खूष होऊन मी ठेलेवाल्याला उद्याचं सांगायला गेलो.

परत आलो तर ती त्याच पेटीला टेकून बसली होती. मांडीवर उरलेल्या सुतळीचा गुंडा. मला वाटलं डोळा लागला. मी मुद्दाम चप्पल वाजवली.

डिस्पेन्सरीतले डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, काही त्रास झाला नसेल. सगळ्यांनाच तसं सांगतात, माहीत आहे मला. तरी बरं वाटलं.

तोवर ऊन उतरलं होतं. सकाळीच न्यायचं ठरलं. शांताला तार केली, पण गाड्या लष्कराच्या सामानानं अडलेल्या, ती तिसऱ्या दिवशी पोचली. लाइनीतल्या बायका आल्या. मिश्रा भाभींनी डोळे पुसले आणि विचारलं, "दादा, अम्मा का हरा लुगड़ा कहाँ है?"

लग्नातलं हिरवं लुगडं. दर वेळी सामान बांधताना ते हातात घेऊन ती म्हणायची, "हे नीट ठेवते. जाताना लागेल." आपल्याला आधी न्यावं आणि याच लुगड्यात न्यावं, हे तिनं लाइनीतल्या प्रत्येक बाईला बजावलं होतं. नवऱ्याच्या आधी जाण्याची केवढी घाई. आणि आता घरात सतरा पेट्या, सगळ्या बंद, आणि कुठल्या पेटीत काय आहे हे माहीत असलेलं एकच माणूस, ते जमिनीवर चादरीखाली.

गणपतराव माझ्याबरोबर पेट्या ठोकायचे, शेजारीच राहतात. म्हणाले, "बापूराव, नवं आणू सकाळी बाजारातून." भाभी स्वतःची कोरी हिरवी साडी घेऊन आल्या. मी म्हटलं, नाही. आयुष्यात तिनं माझ्याकडे जास्त काही मागितलं नाही. नागपूर मागितलं, ते मी दिलं नाही. लुगडं तिचं ती ठेवून गेली होती, मला फक्त शोधायचं होतं. "तिरडी निघायच्या आत काढतो," मी सांगितलं.

रात्रीचं सांगत नाही.

उजाडलं तसा मी खिडकीचा काळा कागद फाडला आणि उजेडात बसलो. गोळ्याच्या खुणेच्या पेट्या आठ होत्या. लुगडं तिचं, म्हणजे गोळ्याच्या पेटीत. तिचा कायदा मला पाठ होता. एकेक सुतळी नखानं सोडायला लागलो. पहिलीत तिची पातळं. दुसरीत पितळेचे डबे. तिसरीत देव, वर बाण. शांताचं बाळपणीचं कुंची-टोपडं, त्यावर छत्री. लुगडं नाही. आठही झाल्या. पोळपाटही कुठं दिसला नाही, तिच्या वडिलांचा फोटोही नाही, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मग मी टोपीच्या खुणेच्या पेट्या उघडल्या, उगाच. आठ त्याही. आत माझे सदरे, माझी हत्यारं, माझे जुने बूट. तिचं एक सूतही नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

बाहेर बांबू आले होते. गणपतराव दारात येऊन उभे राहिले. "बापूराव, ऊन चढून राहिलं. ग्वारीघाटाचं स्मशान लांब आहे."

एक पेटी राहिली होती. कालची. ती मी सोडत नव्हतो. तिच्या हातची शेवटची गाठ होती ती, आणि खाली माझं बोट होतं. ती सुटली की संपलंच. पण दुसरं काही उरलं नाही. कड्यांना धरून पेटी भिंतीपासून ओढली, तेव्हा भिंतीकडची बाजू फिरली आणि खूण दिसली.

गोळा काढला होता. आणि त्या गोळ्यावर टोपी.

तीस वर्षं मी त्या खात्यात होतो. असं कोणी कधी ठेवलं नाही.

मी गाठीशी बसलो. तिनं जीव लावून आवळली होती. नख मोडलं. भाभी विळी घेऊन आल्या, "काट दो दादा, देर हो रही है."

"नहीं," मी म्हटलं. "चिल्लाएगी."

भाभींनी विळी खाली ठेवली आणि त्याही माझ्या समोर बसल्या. बऱ्याच वेळानं गाठ सुटली.

वर लाटणं आणि पोळपाट, एका फडक्यात बांधलेले. खाली माझे काका आणि तिचे वडील, तोंडाला तोंड लावून. माझी तंबाखूची डबी, जी मी चार दिवस शोधत होतो आणि अबोल्यामुळे विचारत नव्हतो. उघडली तर आत तिची जपमाळ, तंबाखूतच. सगळ्यात खाली माझा फॅक्टरीचा खाकी कोट, आणि कोटाच्या आत घडी केलेलं हिरवं लुगडं.

लुगड्याच्या पदराला काहीतरी जड बांधलं होतं. गढ्याच्या घराची किल्ली.

आता सांगा. ज्या घरी दुसऱ्या दिवशी जायचं, त्या घराची किल्ली पेटीत घालून वर दुहेरी गाठ मारते ती शहाणी म्हणायची का? दारात पोचल्यावर माझी कशी फजिती झाली असती, आणि ती कशी तोंडाला पदर लावून उभी राहिली असती, ते मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. मी हसलो. बायकांना वाटलं रडतो आहे. ते बी खरंच होतं.

पदराची गाठ सोडायला काही वेळ लागला नाही. एकेरी होती, ढिली. ती बांधताना बोट ठेवायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

किल्ली मी खिशात घातली आणि लुगडं भाभींच्या हातात दिलं. बायकांनी तिला नेसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. येता-जाता कोणाच्या तरी खांद्यानं स्वयंपाकघराच्या दारावरचा पेला अर्धा पुसला गेला.

बाहेर गणपतराव तिरडी बांधत होते. त्यांची सुतळी एका टोकाला कमी पडली. मी पेटीची सोडलेली सुतळी गुंडाळून आणली होती, ती दिली. त्यांनी बांबूला वेढे घेतले, पहिली गाठ मारली, आणि दोन्ही हात गुंतल्यावर इकडे तिकडे पाहू लागले.

मी वाकलो आणि बोट ठेवलं.

त्यांनी दुसरी गाठ आवळली. "काढा" म्हणायचं त्यांना माहीत नव्हतं. मी काढलं नाही.